मामांचं लाल रीळ: उघडताना काय करावं, काय टाळावं

मामा बोटीवर नोकरीला होते. परदेशातून त्यांनी आणलेलं मासेमारीचं लाल रीळ, अँबॅसडर ५०००, त्यांच्यामागे माझ्याकडे आलं, तेव्हा त्याचं हँडल जेमतेम हलत होतं. इतकी वर्षं खाडीवर गेलेलं रीळ म्हणजे आत गंजाने खाल्लं असणार, असं मी धरून चाललो होतो. उघडलं तर गंज नावालाच. आत साचलं होतं ते तेल. दर पावसाळ्याआधी मायेने घातलेलं, बहुतेक शिलाई मशीनचं, हाताशी नसेल तेव्हा खोबरेल. थरावर थर बसून त्याचा डिंक झाला होता आणि त्या डिंकात खाडीची बारीक वाळू रुतली होती.

हे रीळ स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावचं. मोर्रुम नदीकाठच्या या गावात कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम यांनी १९२१ मध्ये 'एबी उरफाब्रिकेन' हा कारखाना काढला. स्वीडिश भाषेत 'उर' म्हणजे घड्याळ, आणि कारखान्याचं 'आबू' हे नाव याच्या आद्याक्षरांतून आलं. आधी खिशातली घड्याळं, मग टॅक्सीमीटर. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरची मागणी आटली, तेव्हा कारखाना मासेमारीच्या रिळांकडे वळला आणि १९५२ मध्ये त्याने अँबॅसडर ५००० बाजारात आणलं. घड्याळाला आपण पळीने तेल घालत नाही. याही यंत्राला घालायचं नसतं. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

उघडण्याआधी

करा: आधी रीळ हातात घेऊन नीट फिरवून बघा. हँडल सावकाश फिरवताना कुठे अडखळतं? बटण दाबून स्पूल मोकळं केलं आणि अंगठ्याने ढकललं, तर किती वेळ फिरतं? लाईन-गाईड या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येतो का? ड्रॅग सैल करून दोरा ओढला तर एकसारखा सुटतो की झटके देतो? चार ओळी लिहून ठेवा. पुष्कळदा दोष एकाच जागी सापडतो आणि बाकीचं रीळ खोलावं लागत नाही.

करा: मॉडेल ओळखा. नावापुढे 'सी' असेल तर स्पूल बॉल-बेअरिंगवर फिरतं. साध्या ५००० मध्ये बुश असतात. साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून रिळाच्या पायाखाली आकडे ठोकलेले आढळतात. त्यातले पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. सुटे भाग शोधायची वेळ आली तर हे आकडे उपयोगी पडतात.

करा: कड असलेलं ताट, त्यात पांढरं सुती फडकं, बाजूला बर्फाचा ट्रे. काढलेला प्रत्येक भाग ट्रेच्या पुढच्या खणात ठेवा आणि दर पायरीला मोबाईलवर फोटो काढा. जोडताना उलट क्रमाने यायचं, बस्स.

टाळा: पंख्याखाली, सतरंजीवर किंवा संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात बसणं.

टाळा: घरातला हाताला लागेल तो स्क्रू-ड्रायव्हर. जुन्या रिळांची सगळ्यात मोठी हानी पाण्याने होत नाही, स्क्रू-ड्रायव्हरने होते. टोक खाचेपेक्षा अरुंद असेल तर ते गोल फिरतं आणि खाचेचे काठ उडवतं. पाचरीसारखं निमुळतं असेल तर दाब पडताच वर उसळतं आणि शेजारच्या लाल पत्र्यावर कायमचा ओरखडा काढतं. खाचेच्या पूर्ण रुंदीचं, तळापर्यंत टेकणारं, समांतर कडांचं टोक हवं. घड्याळ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात असा संच मिळतो. रिळासाठी एकच खर्च करणार असाल तर तो या संचावर करा, महागड्या तेलावर नको.

उघडताना

करा: हँडलच्या बाजूचे हाताने फिरवायचे तीन स्क्रू सैल करा. ती बाजू गिअरसकट अलग होते आणि स्पूल बाहेर येतं. दरवर्षीच्या साफसफाईला एवढं उघडणं पुरेसं आहे. कारखान्याने ते तीन स्क्रू हाताने फिरतील असे केले, ते याचसाठी.

टाळा: हे स्क्रू पकडीने फिरवणं. फिरत नसतील तर आट्यांत एक थेंब तेल सोडून रात्रभर थांबा.

करा: स्पूलचा ताण कमी-जास्त करायची गोल टोपी उघडताना ती ताटावर उपडी धरा. तिच्यात तांब्याची पातळ चकती असते. ती ग्रीसला चिकटून बसते, दिसत नाही आणि टोपी धुताना वाहून जाते. मग स्पूलला ताणच लागत नाही आणि आपण दोष भलतीकडे शोधत बसतो.

करा: गिअरपर्यंत जायचंच असेल तर आधी हँडलच्या नटावरची अडकणपट्टी, मग नट, मग हँडल, मग चांदणीच्या आकाराचं ड्रॅगचं चाक. चाकाखाली किंचित वाकवलेले स्प्रिंग-वॉशर असतात. त्यांचा फुगीर भाग कुठल्या दिशेला होता, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. मुख्य गिअरमधल्या ड्रॅगच्या चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. एक धातूची, एक घर्षणाची, अशी ती चळत असते. दोन चकत्यांची अदलाबदल झाली तरी ड्रॅग घट्टही होत नाही आणि सैलही सुटत नाही.

करा: पिनियन उचलणाऱ्या आडव्या पट्टीखाली दोन बारीक स्प्रिंगा आहेत, हे आधीपासून लक्षात ठेवा. पट्टीवर एक बोट दाबून धरूनच वरचे स्क्रू सोडवा. मी पहिल्यांदा सोडवले तेव्हा यातली एक स्प्रिंग उडाली. खोलीतली प्रत्येक वस्तू हलवली, फरशी लोहचुंबकाने पिंजून काढली, सापडली नाही. तशीच दुसरी मिळवायला पाच महिने गेले आणि तेवढा काळ मामांचं रीळ सुट्या भागांच्या रूपात ट्रेमध्ये पडून होतं. तेव्हापासून हा टप्पा मी मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून करतो. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते.

टाळा: अडलेल्या स्क्रूवर जोर. गंज सोडवणारं तेल थेंबभर लावा, काही तास जाऊ द्या, मग केस वाळवायच्या ड्रायरने तेवढीच जागा कोमट करा आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवून मग सोडवा. तरीही नाही हलला तर पुन्हा तेल आणि पुन्हा एक रात्र. स्क्रू तुटला तर मात्र ड्रिल करून नवे आटे पाडण्यावाचून उपाय उरत नाही.

टाळा: कारण नसताना डावी बाजू खोलणं. लाईन-गाईडला फिरवणारी चाकं तिथे आहेत. गाईड व्यवस्थित धावत असेल तर त्यांना हात लावू नका.

धुताना

करा: पितळेचे गिअर, पिनियन आणि स्क्रू काचेच्या छोट्या बरणीत मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा. रंगाच्या दुकानात ते मिळतं. डिंक मऊ झाला की जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळापर्यंत घासा. गिअरच्या दातांमधली घाण काढायला लाकडी टूथपिक उत्तम. सुई किंवा टाचणी पितळेवर रेघ ओढते.

रॉकेलही चालतं, पण ते मागे तेलकट पडदा ठेवतं. त्यामुळे नंतर भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे लागतात. पेट्रोल मात्र घरात नकोच. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. टर्पेंटाइन वापरतानासुद्धा खिडकी उघडी आणि गॅस बंद.

टाळा: लाल भागांवर धुण्याचा सोडा, कॉस्टिक असलेली भांड्यांची पावडर, ओव्हन किंवा फरशी साफ करायची जहाल द्रावणं. ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. तो लाल रंग वरून फासलेला नाही. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर वाढवतात, त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि मग छिद्रं बंद करतात. याला ॲनोडायझिंग म्हणतात. अल्कली हा थर विरघळवते. पाचच मिनिटांत लाल पत्रा गुलाबी, पांढुरका, डागाळलेला होतो आणि पुन्हा घासूनपुसून तो परत येत नाही. कोमट पाणी, सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच पुसून कोरडं. याहून जहाल काहीही नको.

टाळा: ॲसिटोन आणि नेलपॉलिश काढायचं द्रव. हँडलच्या मुठी आणि प्लास्टिकचे भाग त्याने विरघळतात, निदान भुरकट तरी होतात.

टाळा: चिंच-मीठ, लिंबू, व्हिनेगर. देवघरातल्या समईला चिंच लावणं वेगळं. इथे पितळेवर क्रोमचा पातळ मुलामा आहे आणि त्याला जिथे टाचणीएवढी भोकं पडली आहेत तिथून आम्ल आत शिरून मुलामा खालून उचलतं. हिरवा थर आला असेल तर त्यावर तेलाचा बोळा रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडी काडीने सोलून काढा. वेळ लागतो. दोन-तीन रात्रीही जातात. पण क्रोम शाबूत राहतं.

टाळा: स्टील वूल, पॉलिश पेपर, बफिंगचं चाक. पायाची झिजलेली कड, अंगठा टेकून फिका पडलेला काठ, होडीच्या फळीवर घासून आलेले चरे यांत त्या रिळाचं आयुष्य दिसतं. संग्राहकही अशा खुणा असलेल्या रिळाला चकचकीत घासलेल्या रिळापेक्षा जास्त किंमत देतात. घाण काढायची, वय काढायचं नाही.

टाळा: ड्रॅगच्या जुन्या चकत्या खरवडणं किंवा कोरड्या घासणं. त्या काळच्या घर्षणाच्या साहित्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. चकती ओल्या फडक्याने अलगद पुसा. चिरली असेल, काचेसारखी गुळगुळीत झाली असेल किंवा तेल पिऊन फुगली असेल, तर नवी कार्बन-फायबरची चकती घाला. मूळ चकती झिपच्या पिशवीत घालून डब्यात ठेवा.

करा: वाळवायला पुरेसा वेळ द्या. पुसा, कोमट हवा द्या आणि मग कोरड्या फडक्यावर तास-दोन तास राहू द्या. जूनमध्ये, हवा दमट असताना, मी हे काम काढतच नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी चांगली. ओल्या पितळेवर तेल घातलं की पाणी तेलाखाली कोंडलं जातं.

बॉल-बेअरिंग असतील तर ती टर्पेंटाइनमध्ये दोन वेळा खळबळवा, फडक्यावर ठेवून वाळवा, काडीवर घेऊन सावकाश फिरवा. खरखर राहिली तर पुन्हा धुवा. कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं बेअरिंग सुसाट फिरवायचा मोह होतो. तो आवरा. त्याने गोळ्यांची वाट खराब होते.

तेल आणि ग्रीस

जिथे वेगाने फिरतं तिथे तेल. जिथे दातावर दात दाबून चालतो तिथे ग्रीस. जिथे घर्षणच हवं आहे तिथे काही नाही.

करा: पातळ यांत्रिक तेल सुईच्या टोकाने किंवा बारीक सुईच्या सिरिंजने लावा. स्पूलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब. लाईन-गाईडच्या वर्म शाफ्टवर एक थेंब आणि हँडल फिरवून तो पसरू द्या. हँडलच्या दोन मुठींच्या आसाला अर्धा-अर्धा थेंब. संपलं. हे वाचताना कमी वाटतं, हे मला ठाऊक आहे. मलाही वाटायचं. पण जास्तीचं तेल जागेवर थांबत नाही. स्पूल गरगरताना ते बाहेर फेकलं जातं, तंगुसावर बसतं, ब्रेकवर जातं आणि उरलेलं वाळू धरून ठेवतं.

करा: मुख्य गिअरच्या दातांवर ग्रीस रंगाच्या बारीक ब्रशने लावा. लावून झाल्यावर ग्रीसखालून दातांचा आकार स्पष्ट दिसला पाहिजे. नसेल दिसत, तर पुसून घ्या. रीळ खाऱ्या पाण्यावर जात असेल तर बोटींसाठीचं पाण्याने न धुपणारं ग्रीस घ्या आणि त्याचाच अगदी पुसट हात स्क्रूंच्या आट्यांवर फिरवा. ॲल्युमिनियममध्ये बसलेला पितळेचा किंवा स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच. ती ॲल्युमिनियम खात राहते. आट्यांतलं ग्रीस पाण्याला तिथे पोहोचू देत नाही.

टाळा: ग्रॅफाइटचं काळं ग्रीस. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, त्यामुळे ॲल्युमिनियमशेजारी ही झीज आणखी वाढते.

टाळा: वर्म शाफ्टवर ग्रीस. शाफ्ट उघडा असतो, समोरून ओला दोरा येतो, दोऱ्यावर रेती असते. ग्रीस आणि रेती मिळून घासायची पेस्ट तयार होते आणि शाफ्टच्या खाचेत धावणारा लहानसा पॉल काही महिन्यांत झिजतो.

टाळा: ब्रेकच्या ठोकळ्यांना तेल. स्पूलच्या टोकाशी आडव्या पिनवर सरकणारे दोन इवलेसे ठोकळे असतात. गरी फेकताना स्पूल वेगाने फिरलं की ते बाहेर फेकले जातात, भोवतीच्या कड्यावर घासतात आणि स्पूलचा वेग आवरतात. स्पूल दोऱ्याच्या पुढे पळालं की दोरा फुगून गुंता होतो, तो टाळायची ही युक्ती. तेल लागलं की ठोकळे घसरतात, युक्ती संपते आणि तासभर बोटांनी गुंता सोडवत बसावं लागतं. पिन आणि कडं दोन्ही कोरडी पुसलेली हवीत.

टाळा: खोबरेल. ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजतं, म्हणजे कोकणातल्याही थंडीच्या पहाटे. शिवाय खाद्यतेल हवेने खवट होतं आणि वर्षभरात चिकटतं. मामांच्या रिळातला डिंक बराचसा याचाच होता. शिलाई मशीनचं खनिज तेल वेळेला चालतं, दोष त्याच्या जातीचा नाही. न धुता थरावर थर घातले हा दोष.

टाळा: डब्ल्यूडी-४० ला वंगण समजणं. पाणी हटवण्यासाठी केलेलं ते द्रव्य आहे आणि नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं त्याच कामाची. अडलेला स्क्रू सोडवायला, ओल हटवायला जरूर वापरा, मग पुसून टाका आणि खरं तेल घाला.

ड्रॅगची नवी कार्बनची चकती असेल तर तिच्यासाठीचं टेफ्लॉनयुक्त ड्रॅग-ग्रीस बोटाने चोळून पुसून घेता येतं. साधं ग्रीस तिथे नको.

जोडताना

करा: पॉल बसवताना वर्म शाफ्ट सावकाश फिरवत राहा. पॉलचं टोक खाचेत उतरलं की बोटाला कळतं. त्यानंतरच खालची टोपी हाताने घट्ट करा.

टाळा: टोक खाचेच्या कडेवर असताना टोपी आवळणं. पॉलचा तुकडा उडतो.

करा: तीन स्क्रू थोडे-थोडे, आळीपाळीने घट्ट करा. एकच पूर्ण आवळला तर बाजू तिरकी बसते आणि स्पूल घासायला लागतं.

करा: स्पूलचा ताण वजन लटकवून ठरवा. दोऱ्याला नेहमीचं शिसं बांधा, काठी आडवी धरा, बटण दाबा. शिसं सावकाश खाली आलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. इतकं झालं की पुढचं काम अंगठ्याचं.

खाडीवरून परतल्यावर

टाळा: नळाच्या धारेखाली रीळ धरणं. धार मीठ काढण्याऐवजी आत ढकलते. गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरेसं आहे. ते फिरवताना ड्रॅग घट्ट असू द्या म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करा. आवळून ठेवलेल्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि मग पहिला जिताडा दोरा तोडून जातो.

टाळा: रीळ चामड्याच्या पेटीत ठेवणं. जुनी अँबॅसडर अशा देखण्या पेटीतून येत, आणि मोह होतोच. पण चामडं ओल धरतं आणि कमावताना त्यात मुरलेली आम्लं पितळेला हिरवं करतात. पेटी वेगळी जपा. रीळ सुती पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी.

करा: हंगाम संपला की जुना तंगूस उतरवा. ताणून गुंडाळलेला नायलॉन आकसत राहतो आणि स्पूलच्या कडा बाहेर ढकलतो. त्याच्याखाली अडकलेलं मीठ निराळं.

या सूचना बऱ्याच जुन्या रिळांना लागू पडतात, पण सगळ्यांना सरसकट नाहीत. इंग्लंडातल्या ॲल्निकच्या हार्डी कंपनीचं 'परफेक्ट' हे १८९१ सालापासूनचं फ्लाय-रीळ. त्यात गोळ्या उघड्या असतात, म्हणून ते ताटावर आडवं ठेवूनच उघडायचं आणि गोळ्या मोजून घ्यायच्या. फ्रान्समधल्या क्लूझचं मिशेल ३०० हेही घड्याळं बनवणाऱ्या गावातलं. त्याच्या अंडाकृती पोटात ग्रीस भरून टाकायची खोड अनेकांना असते. तिथेही दातांपुरतंच.

करा: डब्यात चिठ्ठी ठेवा. तारीख, काय उघडलं, कोणतं तेल, कुठे, किती थेंब, कोणता भाग बदलला. मामांनी काय काय घातलं होतं ते मला डिंकाच्या वासावरून ओळखावं लागलं. आता डब्यात सात वर्षांच्या सात चिठ्ठ्या आहेत, आणि गेल्या दोन चिठ्ठ्यांवरचं अक्षर भाचीचं आहे.